लोखंडी टोप आणि काळुरामचं नाक

सांग म्हणे! स्वतःबद्दल चार शब्द सांग म्हणे! इतकी वर्षं कोंबड्या माझ्यात पाणी पीत होत्या, तेव्हा नाय कुणाला माझं मनोगत ऐकावंसं वाटलं. आता हितेशच्या डोक्यात आलंय की संग्रहालयातल्या प्रत्येक वस्तूने आपली कहाणी सांगायची, ती पाटीवर रंगवायची आणि शाळेतल्या पोरांनी ती वाचायची. पोरं वाचणार नायत. पोरं मला उलटा करून ठणठण वाजवणार, मास्तर ओरडणार आणि सगळे बाहेर वडापाव खायला जाणार. पण हितेशला कोण सांगणार? आधी त्याने तलवारीला विचारलं, ती गप्प बसली. तिचं बरोबर हाय. ती जत्रेतल्या नाटकातली हाय, तोंड उघडलं तर पत्र्याचा आवाज येईल. म्हणून पाळी माझ्यावर आली.

तर मी टोप. फौजी, लोखंडी. हितेशने माझ्या चिठ्ठीवर 'शिरस्त्राण' असं लिहिलंय. आयुष्यात पहिल्यांदा ऐकला हा शब्द. फौजेत मला कुणी अशी हाक मारली असती तर मी वळूनही बघितलं नसतं.

पेणहून जोह्याकडे जाताना भाताची गिरण लागते, तिच्यामागच्या खोलीत आमचं संग्रहालय हाय. 'वीरस्मृती लष्करी संग्रहालय'. पाटी खोलीपेक्षा लांब हाय, एक टोक गिरणीच्या भिंतीवर गेलंय. हितेश आणि त्याचे दोनचार दोस्त बिनपगारी चालवतात. तोंडाने 'सेवा' म्हणतात, म्हणजे झाडू मारायला कुणी नाय. खोली रविवारी उघडते, तेही हितेशची शिफ्ट नसली तर. हितेश कासूवरून गाडी पकडून रोह्याला कंपनीत जातो. रोह्याचाच एक बिगूल आणून त्याने माझ्या शेजारी ठेवलाय. तो बिगूल सगळ्यांना सांगतो की धावीर महाराजांच्या पालखीला सलामी देताना तो वाजला होता. पालखीला पोलीस बंदुकांची सलामी देतात, हे अख्ख्या रोह्याला माहीत हाय. ह्याला तेव्हा कुणी विचारलं होतं, हे फक्त ह्यालाच माहीत हाय.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. पत्र्यावर वरून दणका बसला आणि मी झालो. बारसं नाय, पाळणा नाय. ट्रकात घातला, गोदामात टाकला आणि एके दिवशी एका सुभेदाराने मला उचलून काळुरामच्या डोक्यावर आदळला.

काळुराम महादू घरत. खाडीकाठचा आगरी गडी, मिठागरात वाढलेला. तोंड म्हणाल तर देवाने घाईत उरकलेलं. डोळे बारीक. कपाळ डावीकडे चेपलेलं. डावा कान वरून फाटका, लहानपणी बोकडाने ओढला होता. आणि नाक! कबड्डीत रोह्याच्या एका गड्याचा पाय धरायला गेला, त्याचा गुडघा बसला, नाक उजवीकडे गेलं ते तिकडचंच झालं. "नाक गेलं पन पाय नाय सोडला," असं तो पलटणीत छाती काढून सांगायचा. रोह्याचे लोक म्हणतात पाय सुटला होता.

एकाहत्तरच्या लढाईत आम्ही पूर्वेकडे होतो. पराक्रम ऐकायचाय? चिखल. सकाळी चिखल, संध्याकाळी चिखल. काळुराम पूल बांधणाऱ्यांच्या तुकडीत होता. गळाभर पाण्यात उभा राहून ओंडके धरायचा आणि बाकीचे त्याच्यावरून लढायला जायचे. माझ्यावर ही खोक दिसते ना, हितेश तिच्याकडे बोट दाखवून पोरांना सांगतो, "ही शत्रूची गोळी!" गोळी नाय रे बाबा. आपल्याच ट्रकच्या चाकाखालून उडालेला दगड होता तो. पण दगड बघायला रविवारी कोण येणार?

लढाई संपली. काळुराम धरमतरच्या धक्क्यावर लाँचीतून उतरला तेव्हा मी त्याच्या वळकटीत होतो. कसा काय, ते विचारू नका. सरकार समजतं मी हरवलोय. मी कधीच हरवलेलो नाय, मला सगळं नीट आठवतं.

घरी त्याने मला खुंटीवर टांगला. तिथे मी फार टिकलो नाय, कारण घरात धोंडूबाई होती. त्याची बायको. तिने मला खालून वरून बघितलं, बोटाने वाजवला आणि म्हणाली, "भोक नाय ना याला? मंग बरा हाय." त्या दिवसापासून माझी लढाई सुरू झाली. माझ्यात चिंबोऱ्या उकडल्या. होडीतलं पाणी माझ्याने उपसलं. सुकट ठेवली, वर पाटा ठेवला, मांजर हात चोळत गेली. काळुराम कधीतरी म्हणायचा, "अगो, फौजेची वस्तू हाय ती!" ती म्हणायची, "मंग काय वाळत घालू?" तो हसायचा. हसला की नाक आणखी उजवीकडे जायचं.

मग तो गेला. छातीत कळ आली, पेणला नेईपर्यंत संपलं. पोरगा मांडीवरचा होता. पुढच्या वर्षी खाडीचा बांध फुटला आणि खारं पाणी गुडघ्यापर्यंत घरात आलं. ट्रंकेत फौजेचे कागद होते, दोन फोटो होते. कागदांचा लगदा झाला आणि फोटो पांढरे झाले. मी भिजलो नाय, पाण्यावर तरंगत होतो. माझं कुणी कौतुक केलं नाय.

धोंडूबाई जोह्याला गोविंदा मूर्तिकाराच्या गणपतीच्या कारखान्यात कामाला लागली. मूर्तीला पॉलिश पेपर मारायचं काम. मलाही घेऊन गेली, शाडू भिजवायला. कितीतरी वर्षं मी मातीच्या चिखलात काढली. पूर्वेकडचा चिखल बरा, निदान त्याचे देव होत नव्हते.

आता खऱ्या गोष्टीला येतो. म्हणजे हितेशला जी पाटीवर नकोय तिला.

हितेश हा काळुरामच्या चुलत भावाचा मुलगा. संग्रहालय काढायचं ठरल्यावर तो धोंडूबाईकडे मला मागायला आला. ती म्हातारी झालेली, एक डोळा काचबिंदूने गेलेला, दुसरा जायच्या वाटेवर. पनवेलच्या डॉक्टरने तिच्या नातीला, भाविकाला, स्पष्ट सांगितलं होतं की आता ऑपरेशनचा उपयोग नाय, आहे तेवढं बघून घ्या.

"टोप ने," ती हितेशला म्हणाली. "पन नुसता टोप नको. खाली त्याचं तोंड पायजे."

"कुणाचं, काकी?"

"तुझ्या काकाचं. फोटू नाय राह्यला. पोरानं बाप बघितला नाय, नातीनं आजा बघितला नाय. तो दिसतो कसा ते आता फकस्त मना म्हायती हाय, न् माझा डोला चाललाय. डोला जायच्या आत मना त्याला एकदा बघायचाय."

हितेश भावुक झाला. तो लवकर भावुक होतो, खर्च नसला की जास्तच. तिथल्या तिथे त्याने छातीपर्यंतचा पुतळा कबूल केला आणि गोविंदाला गाठलं. गोविंदाही म्हणाला, "काकीने माझ्याकडे इतके सीझन काढले. फुकट करतो." दोघांनी एकमेकांचे हात हातात घेतले. मला वाटलं आता ओव्या म्हणतील.

गोविंदा वाईट कारागीर नाय. त्याच्या गणपतीचे डोळे बघायला लांबून लोक येतात. पण बापाच्या वेळेपासून त्या हाताने एकच तऱ्हा केलेली. पुतळा झाला, संग्रहालयात आला, मला त्याच्या डोक्यावर चढवलं. बघतो तर खाली गुलाबी गाल, टपोरे डोळे, ओठांवर मंद हसू. फौजी नाय, तो भक्ताला काय हवं ते विचारायला बसलेला. पहिल्याच रविवारी कासूच्या बायका आल्या, चपला बाहेर काढल्या आणि हात जोडून उभ्या राहिल्या. एकीने उंबऱ्यावर नारळ फोडला. माझ्या कपाळावर हळदकुंकू लागलं, वर अक्षता पडल्या. बिगूल फिदीफिदी हसत होता.

धोंडूबाई आली. उरलेला डोळा पुतळ्याच्या अगदी जवळ नेऊन तिने बघितलं.

"यो कोन?"

"काका," हितेश म्हणाला.

"याच्या पाया पडीन मी," ती म्हणाली. "पन याला भाकर कशी वाढू?"

गोविंदा ओशाळला. "काकी, काय करू? वाकड्याकडे अंगठाच वळत नाय. मी दाबतो वाकडं, होतं सरळ."

दुसऱ्या वेळी हितेशने अक्कल चालवली. म्हणाला, देवाचा विचारच करू नको, माणूस समोर ठेव. माणूस कोण? तोच! रक्त एकच ना! रविवारभर तो स्टुलावर हनुवटी उचलून बसला. त्या पुतळ्यावरही मी बसलो. धोंडूबाईने पुन्हा डोळा जवळ नेला.

"यो तं हितेश."

"घराण्याचा चेहरा हाय, काकी. रक्त एक हाय."

"रक्त एक असंल, थोबाड नाय. न् तू जिता हाईस, तुना टोप कशाला?"

हे म्हणताना ती हसली, पण घरी जाताना उंबऱ्याला अडखळली. उंबरा तिला दिसला नव्हता. भाविकाने दंड धरला. तेव्हा हितेशचं तोंड उतरलं. बऱ्याच दिवसांनी त्याला कळलं असावं की हा कार्यक्रम त्याचा नाय.

तिसऱ्या वेळी गोविंदा ओला पुतळा घेऊन आला. ठोकळ डोकं, तोंडाच्या जागी नुसता उंचवटा. ओल्या फडक्यात गुंडाळून खोलीत ठेवला आणि म्हणाला, "उद्या सकाळी येऊन शांतपणे तोंड करतो, हितेशच्या नजरेबाहेर." आणि गेला.

दुपारी भाविकाने गिरणीतून चावी आणली आणि आजीला आत घेऊन आली. हितेश शिफ्टला. धोंडूबाईने फडकं काढलं आणि मातीवर तळवा ठेवला. मूर्तीच्या तोंडाला हात लावायची मुभा कारखान्यात बायकांना नव्हती. तोंड गोविंदाचं, पॉलिश बायकांचं.

"आजी, गोविंदाकाका ओरडतील," भाविका म्हणाली.

"ओरडू दे. नवरा माझा हाय."

आणि अंगठा लावला. आधी डोळे बारीक केले. मग कान. फाटका कान करताना तिने मातीचा लचका असा काढला की मला बोकडाची आठवण झाली. कपाळ डावीकडे चेपलं. नाकाला सगळ्यात शेवटी हात घातला. उजवीकडे ढकलायची, डोळा टेकवून बघायची, पुन्हा ढकलायची.

"एवढं वाकडं होतं?" भाविका म्हणाली.

"अगो, त्या नाकापायी तर फोटू नाय! लाजायचा तो. पलटनीत बढाया मारायचा न् घरी कॅमेरा आला की तोंड फिरवायचा. ते दोन फोटू व्हते ना ट्रंकेत, एकात पाठमोरा, दुसऱ्यात तोंडावर हात. ते भिजले नसते तरी काय दिसनार व्हतं?" तिने नाक आणखी थोडं ढकललं. "मी म्हनायची, मी रोज बगतंय ना नाक, मंग कॅमेऱ्याची कसली लाज? तर म्हनायचा, तू माझी हाईस, कॅमेरा परका हाय."

मग तिचा अंगठा थांबला. तिने मला उचलून त्याच्या डोक्यावर ठेवलं, नाकाला नाक लागेल इतकी जवळ गेली आणि बघत राहिली.

"आयला गो," ती म्हणाली. "आयला."

मी चेष्टा करणारा टोप हाय. त्या दुपारी चेष्टा सोडून मी त्या ओल्या मातीला चिकटून बसलो.

सकाळी गोविंदा आला. त्याने काय बघितलं? नाक मोडलेलं, कान तुटलेला, कपाळ चेपलेलं. त्याच्या अंगावर काटा आला. कुणाला विचारावं, फोन करावा, असं त्याच्या मनातही आलं नाय, कारण त्याच्या कारखान्यात ह्याला एकच नाव हाय: मूर्ती भंगली. भंगलेली मूर्ती सूर्य वर यायच्या आत पाण्यात गेली पाहिजे. पुतळा फौजीचा असला म्हणून काय झालं? मूर्ती ती मूर्ती. त्याने टेंपो आणला, पाटावर पुतळा घेतला, पुढे अगरबत्ती लावली. मला काढायला गेला, पण मी चिकटलो होतो. मग म्हणाला, राहू दे, मुकुट असतो.

धरमतरच्या खाडीला आम्ही पोचलो. बार्जवरचे खलाशी बघत होते. गोविंदा कमरेभर पाण्यात उतरला, हात जोडले आणि फौजी माणूस म्हणून 'भारतमाता की जय' म्हणाला. मग सवयीने 'मोरया'सुद्धा म्हणाला. आणि आम्हाला बुडवलं.

शाडू पाण्यात किती वेळ टिकतो? आधी नाक गेलं. मग कान. काळुराम माझ्याखालून हळूहळू सुटत गेला आणि मी चिखलात जाऊन बसलो.

वर काय झालं ते नंतर कळलं. हितेश शिफ्टवरून येऊन थेट खोलीत गेला, तर चौथरा रिकामा. गोविंदाला फोन केला. गोविंदा समाधानाने म्हणाला, "काळजी नको, विधिवत केलं." मग दोघं धोंडूबाईकडे गेले. गोविंदाला जेव्हा कळलं की ते नाक कुणी मोडलं नव्हतं, केलं होतं, तेव्हा तो अंगणातच खाली बसला. तिच्या पायावर डोकं ठेवून "काकी, चुकलो" म्हणत राहिला. ती रडली नाय, रागावलीही नाय. एवढंच म्हणाली, "पहिल्यांदा गेला तवा पन मना न विचारताच गेला."

ओहोटीला हितेश आणि गोविंदा मला शोधायला आले. गुडघाभर चिखलात दोघं अंदाजाने चाचपत होते आणि दोन पावलांवर मी. काठाच्या कातकरवाडीतले सोमा आणि ठमी चिंबोऱ्या धरत होते. सोमाने बिळाजवळ हात घातला तर हाताला मी लागलो.

"केवढी मोठी गो!" सोमा ओरडला.

"चावली का?" ठमीने विचारलं.

"नाय, ही लोखंडाची हाय."

हितेश धावत आला, मला छातीशी धरलं आणि सगळा चिखल शर्टाला पुसला. एरवी दिवाळीला पण असा पुसत नाय.

मग गणपतीचा सीझन लागला. गोविंदाला श्वास घ्यायला फुरसत नव्हती, हितेशची कंपनीत डबल ड्युटी. सगळे म्हणत होते, गणपती झाले की लगेच. गणपती झाले. आणि तेवढ्यात धोंडूबाईचा दुसरा डोळा गेला. सकाळी उठून तिने भाविकाला विचारलं, "उजाडलं का?" उजाडून बराच वेळ झाला होता.

गोविंदाने ओल्या मातीचा ठोकळा आणला तेव्हा त्याला तिच्याकडे बघवेना. म्हणाला, "तुम्ही सांगा काकी, मी करतो. वाकडं करीन, शपथ." ती म्हणाली, "बाजूला हो. तुझा अंगठा देवाचा हाय."

ती बसली. डोळे उघडे, पण बघणं कुठेच नाय. हातांनी मात्र रस्ता विचारला नाय. डोळे, कान, कपाळ, नाक. भाविका, हितेश आणि गोविंदा भिंतीला टेकून उभे होते. काम झाल्यावर तिने विचारलं, "हाय का तो?"

"व्हय काकी, तोच," हितेश म्हणाला.

"हुबेहूब," गोविंदा म्हणाला.

"गप्प बसा रे! तुमी कुनी बगलाय त्याला?"

कुणीच बघितलं नव्हतं. हितेश तेव्हा रांगत होता.

तिने हात पुढे केला. "टोप द्या."

मला दोन्ही हातांनी धरून तिने पुतळ्यावर ठेवलं आणि हात सोडले. मी घसरलो. चेपलेल्या कपाळावरून डावीकडे गेलो, फाटक्या कानाच्या खाचेत माझी कड बसली आणि थांबलो. पलटणीत सुभेदार रोज ओरडायचा, "घरत, टोपी सीधी करो!" मी कधीच सीधा होत नव्हतो. ह्या डोक्यावर होताच येत नाय.

तिची बोटं माझ्या कडेवरून फिरली, वाकडा कोन चाचपला. मग तिने मातीच्या गालावर हलकीशी चापट मारली.

"मेल्या," ती म्हणाली, "आता फिरव तोंड!"

तर सध्या मी असा हाय. काळुरामच्या डोक्यावर, तिरपा. येणारा प्रत्येक जण मला सरळ करायला बघतो आणि मी परत घसरतो. नाकाखाली हितेशने पाटी लावलीय: 'नाक असेच होते. कृपया दुरुस्ती करू नये.' तरी गेल्या रविवारी एक गुरुजी अंगठा ओला करून पुढे आलेच होते. धोंडूबाईला भाविका अधूनमधून घेऊन येते. ती नाकावरून बोट फिरवते, घरचं काय काय सांगते, आणि जाते.

तुम्ही या, पण हात खिशात ठेवा. मला कुंकू लावू नका. नारळ घरी फोडा.

आणि माफीचं म्हणाल तर मी हिशोबाचा पक्का हाय. खाडीत बुडवल्याची माफी गोविंदाने मागितली, माझ्यासमोर कान धरून. हितेशने मागितली, माईक लावून, गरजेपेक्षा लांब. धोंडूबाईने चिंबोऱ्यांची मागितली नाय, पण तिची मला नकोच.

एकाची राहिली. एक फोटो काढून घेतला असता सरळ तोंड करून, तर त्या बाईला तुझं तोंड अंधारात चाचपत शोधावं लागलं नसतं, आणि मला म्हातारपणी खाडीचा तळ बघावा लागला नसता. आता तुला तोंड हाय. उघड, आणि आधी तिची माग, माझी मागाहून. तुझ्याच डोक्यावर बसलोय, मी वाट बघतो, काळुराम महादू घरत.